खाडीच्या चिखलातील कार्बन : मुळशीच्या पाण्यापासून खारेपाटाच्या सातबाऱ्यापर्यंत

खारफुटीची वने, भरती-ओहोटीच्या टापूतील खाऱ्या दलदली आणि उथळ समुद्रतळावर वाढणारी सागरी गवताची कुरणे या तीन परिसंस्था हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात आणि त्याचा मोठा भाग आपल्या पायाखालच्या गाळात शेकडो वर्षे राखून ठेवतात. अशा साठ्याला ‘नील कार्बन’ हे नाव २००९ साली संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाने प्रसिद्ध केलेल्या अहवालापासून रूढ झाले. नाव नवे असले तरी वस्तू जुनीच आहे. कोकणातला माणूस ज्याला तिवरांचे खाजण म्हणतो, जिथे चिंबोऱ्या पकडतो आणि उधाणाच्या वेळी ज्याच्या आडोशाला होडी बांधतो, तोच हा साठा होय. गेल्या दीड दशकात या चिखलाभोवती कायदे, शासकीय योजना, उपग्रह, प्रयोगशाळा आणि बाजार असे बरेच काही उभे राहिले आहे. त्या सर्वांचा महाराष्ट्राच्या अनुषंगाने आढावा घेताना एक गोष्ट वारंवार समोर येते: धोरणे झाडे मोजतात आणि कार्बन चिखलात असतो.

हा प्रश्न किनाऱ्यावरच्या गावांपुरता मर्यादित आहे असा समज घाटमाथ्यावर सहज होतो, परंतु पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका पाहिला तर तो टिकत नाही. हिंजवडीजवळच्या नेरे गावाच्या शिवारात पडणारा पाऊस पवना-मुळेच्या खोऱ्यातून मुळा-मुठेत, तिथून भीमेत आणि पुढे कृष्णेत मिसळून आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागराला मिळतो, आणि कृष्णेच्या त्या मुखाशी खारफुटीचे विस्तीर्ण वन आहे. त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला, ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला, त्या धरणाचे पाणी मात्र सह्याद्रीच्या कड्यावरून खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरवले जाते, वीज निर्माण करून कुंडलिका नदीत सोडले जाते आणि रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीत, म्हणजे अरबी समुद्राच्या कांदळवनांत पोहोचते. एकाच तालुक्याचे पाणी अशा रीतीने दोन समुद्रांच्या खारफुटीला जाऊन मिळते, आणि त्या पाण्याबरोबर काय जाते व काय अडते यावर तिथल्या गाळाचे भवितव्य अवलंबून असते. कृष्णेच्या खोऱ्यात उजनी, जुराला, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशा धरणांच्या मालिकेमुळे त्रिभुज प्रदेशाकडे जाणारा गाळ फार मोठ्या प्रमाणात घटला आहे. आणि जिथे गाळ येत नाही तिथे समुद्राची पातळी वाढत असताना खारफुटीची जमीन तिच्याबरोबर वर चढू शकत नाही.

कार्बन चिखलात का टिकतो, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा कोणताही धोरणात्मक मुद्दा नीट उलगडत नाही. डोंगरावरच्या जंगलात पडलेले पान बुरशी आणि जिवाणू काही महिन्यांत कुजवतात, त्यासाठी लागणारा प्राणवायू मोकळ्या मातीत मुबलक असतो आणि पानातील बहुतेक कार्बन पुन्हा हवेत जातो. खाडीच्या गाळात पाणी सतत भरलेले असल्यामुळे वरच्या काही मिलिमीटर थराखाली प्राणवायू जवळजवळ नसतो, कुजण्याची क्रिया मंदावते, आणि मुळे, पाने व भरतीबरोबर आलेला सेंद्रिय गाळ थरावर थर साचत जातो. समुद्राच्या पाण्यात सल्फेट नावाचा क्षार विपुल असतो, आणि प्राणवायूच्या अभावी जे जिवाणू तग धरतात त्यांपैकी सल्फेट वापरणारे जिवाणू मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांवर मात करतात. म्हणून खाऱ्या दलदलीतून मिथेन, जो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट तीव्र हरितगृह वायू आहे, तुलनेने कमी सुटतो. पाणी गोडे होत गेले की हे समीकरण बिघडते. कुंडलिकेसारख्या ज्या नदीत वीजकेंद्रातून बारमाही गोडे पाणी उतरते, तिच्या खाडीच्या वरच्या भागाचा हिशेब आणि मुखाजवळच्या भागाचा हिशेब यामुळेच एका आकड्याने मांडता येत नाही.

आकडे मोठे आहेत. हिंद-प्रशांत टापूतील खारफुटीचा २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास हेक्टरी सरासरी सुमारे १,०२३ टन कार्बन दाखवतो, आणि त्यातील ४९ ते ९८ टक्के वाटा जमिनीखालचा आहे. हवामानबदलाविषयीच्या आंतरशासकीय मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, २०१३ साली पाणथळ जागांसाठी जी पूरक मार्गदर्शिका स्वीकारली, तिने देशांना आपल्या हरितगृह वायूंच्या राष्ट्रीय हिशेबात किनारी दलदली धरण्याची पद्धत प्रथमच दिली. स्थानिक मोजमाप नसेल तर वापरायचे गुणांक तिथे दिले आहेत: खनिज मातीवरील खारफुटीच्या वरच्या एक मीटर थरात हेक्टरी २८६ टन कार्बन, आणि पुनरुज्जीवित खारफुटीत दरवर्षी हेक्टरी सुमारे १.६२ टन कार्बनाची नवी भर.

हे गुणांक महाराष्ट्राला लावून पाहणे उद्बोधक आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालानुसार देशात सुमारे ४,९९२ चौरस किलोमीटर खारफुटी असून महाराष्ट्राचा वाटा सुमारे ३१५ चौरस किलोमीटर, म्हणजे ३१,५०० हेक्टर इतका आहे. केवळ ढोबळ अंदाज म्हणून हिशेब केला तर राज्याच्या खाड्यांच्या वरच्या एक मीटर गाळात सुमारे ९० लाख टन कार्बन, म्हणजे ३.६७ ने गुणले असता सव्वातीन कोटी टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड कोंडलेला आहे, तर दरवर्षी पडणारी नवी भर जेमतेम १ लाख ८७ हजार टनांची आहे. ही वार्षिक भर डहाणूच्या औष्णिक केंद्राएवढ्या, म्हणजे ५०० मेगावॅट क्षमतेच्या कोळसा-केंद्राने पूर्ण क्षमतेने चालताना दोन-अडीच आठवड्यांत सोडलेल्या वायूइतकीच भरते. उद्योगांच्या उत्सर्जनाची भरपाई कांदळवने करतील ही अपेक्षा म्हणूनच भाबडी आहे आणि ती कोणी पसरवू नये. याच आकड्यांची दुसरी बाजू मात्र अधिक महत्त्वाची आहे. २८६ ला १.६२ ने भागले असता सुमारे १७६ येतात, याचा अर्थ असा की एक हेक्टर खाजण खणून, सुकवून त्याचा गाळ हवेला उघडा पाडला तर गेलेला साठा त्या गतीने परत यायला पावणेदोनशे वर्षे लागतील. नवी रोपे लावणे चांगलेच. पण जे आहे ते न उकरणे हे कार्बनच्या दृष्टीने त्याहून कितीतरी मोलाचे आहे.

जे आहे ते राखण्याच्या बाबतीत महाराष्ट्राचा इतिहास, न्यायालयांच्या कृपेने का होईना, देशात उल्लेखनीय आहे. किनारी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना केंद्राने १९९१ साली काढली आणि पुढे २०११ व २०१९ साली तिची नवी रूपे आली, तरी मुंबई-ठाणे-रायगडच्या खाड्यांत भराव टाकण्याला खरा आळा बसला तो बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये दिलेल्या आदेशाने. त्या आदेशाने राज्यभर खारफुटीची तोड थांबवली, कांदळवनांभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकामाला मनाई केली आणि शासकीय जमिनीवरील कांदळवने संरक्षित वन म्हणून वनखात्याकडे देण्याचा मार्ग मोकळा केला. याच याचिकेवर सप्टेंबर २०१८ मध्ये न्या. अभय ओक आणि न्या. रियाझ छागला यांच्या खंडपीठाने दिलेल्या अंतिम निकालाने खारफुटीचा नाश हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. दरम्यान २०१२ साली राज्याच्या वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला, २०१५ साली ठाणे खाडीचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, आणि २०२० साली पांढरी चिप्पी या प्रजातीला राज्य कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला.

कायद्याच्या या भिंतीला एक दार मात्र आहे, आणि ते सार्वजनिक हिताच्या प्रकल्पांसाठी न्यायालयाच्या परवानगीने उघडते. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी सुमारे बावीस हजार खारफुटीची झाडे तोडण्यास अशीच परवानगी मिळाली आणि तिच्यासोबत एकास पाच या प्रमाणात भरपाई लागवडीची हमी दिली गेली. प्रकल्प आवश्यक होता की नव्हता हा इथला प्रश्न नाही. प्रश्न भरपाईच्या एककाचा आहे, कारण एका झाडास पाच झाडे हा व्यवहार खोडांचा आहे, आणि तोडलेल्या झाडाखालच्या दोन-तीन मीटर गाळाचा उल्लेख त्यात कुठेच येत नाही. पायलिंगसाठी आणि भरावासाठी उकरला गेलेला गाळ किती, तो कुठे टाकला, हवेला उघडा पडला की पाण्याखालीच राहिला, यावर खरे उत्सर्जन ठरते. तेव्हा परवानगीच्या अटींमध्ये झाडांच्या संख्येबरोबर गाळाचे घनफळ आणि त्याची विल्हेवाट यांची नोंद बंधनकारक करणे हा फारसा खर्चिक नसलेला, पण अत्यंत निकडीचा बदल आहे.

लागवडीच्या बाबतीतही संख्येचा मोह अनर्थ करतो. केंद्र सरकारने २०२३ च्या अर्थसंकल्पात ‘मिष्टी’ ही किनारी अधिवासांसाठीची योजना जाहीर करून पाच वर्षांत सुमारे ५४० चौरस किलोमीटरवर खारफुटी लावण्याचे वा पुनरुज्जीवित करण्याचे उद्दिष्ट ठेवले, ते स्वागतार्हच आहे. परंतु खारफुटीचे रोप कुठेही जगत नाही. प्रत्येक प्रजातीला भरतीचे पाणी दिवसात किती वेळ अंगावर हवे याची मर्यादा आहे. तिवर जिथे रुजते तिथे कांदळ रुजेलच असे नाही, आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या सपाट चिखलपट्टीवर, जिथे निसर्गाने कधीच झाडे येऊ दिली नाहीत, रोपे लावली तर ती बहुधा मरतात आणि तिथे चरणाऱ्या किनारपक्ष्यांची जागाही जाते. फिलिपाइन्समध्ये अनेक दशके चाललेल्या अशा लागवडीत जगलेल्या रोपांचे प्रमाण फारच अल्प आढळले. तमिळनाडूत पिचावरम येथे एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने १९९० च्या दशकात वेगळी वाट धरली: अति क्षारामुळे उजाड झालेल्या भागात माशाच्या काट्यासारखे मुख्य चर व उपचर खोदून भरतीच्या पाण्याची ये-जा पूर्ववत केली आणि मग वन परतले. आधी पाणी, मग झाड, हा तो क्रम आहे, आणि गाळातील प्राणवायूविरहित स्थितीही पाण्यामुळेच परत येत असल्याने कार्बनसाठी देखील तोच योग्य आहे.

मोजमापाचे तंत्रज्ञान या क्षेत्रात बरेच पुढे गेले आहे. झाडांतील कार्बन काढण्यासाठी खोडाचा घेर व उंची यांवरून वजन काढणारी सूत्रे वापरली जातात. पवईच्या ज्या संस्थेला पूर्वी नीटी म्हणत आणि आता आयआयएम मुंबई म्हणतात, तिथल्या संशोधकांनी ठाणे खाडीतील तिवरांच्या बाबतीत अशी सूत्रे, प्रयोगशाळेतील मूलद्रव्य-विश्लेषण आणि भौगोलिक माहिती प्रणाली यांची सांगड घातली आहे. गाळासाठी पोकळ नळी खोल दाबून त्याचा अखंड गाभा काढतात, थरांतील सेंद्रिय भाग भट्टीत जाळून किंवा विश्लेषकाने मोजतात, आणि शिसे-२१० या किरणोत्सारी समस्थानिकाच्या क्षयावरून कोणता थर किती वर्षांचा हे ठरवतात. गाळाच्या पृष्ठभागाची उंची वर्षाला किती मिलिमीटरने वाढते हे खोल रोवलेल्या धातूच्या दांड्याला जोडलेल्या उपकरणाने कळते. हवा आणि वन यांच्यातील वायूंची देवाणघेवाण सेकंदाला अनेक वेळा टिपणारे मनोरे हा आणखी एक मार्ग असून, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने पिचावरमच्या खारफुटीत असा अभ्यास सहकार्याने केला आहे. नेरे-हिंजवडीपासून काही कोसांवर असलेल्या पाषाणच्या या संस्थेचे कौशल्य कोकणच्या खाड्यांसाठी वापरात यावे हे स्वाभाविक ठरेल. जुलै २०२५ मध्ये अवकाशात गेलेल्या भारत-अमेरिकेच्या ‘निसार’ उपग्रहाची दीर्घ तरंगलांबीची रडार किरणे ढगांतून आणि पर्णछत्रातून आत शिरत असल्यामुळे पावसाळ्यातही वनाची घनता आणि जमिनीची ओल टिपता येते. उपग्रहाला गाळाचा गाभा मात्र दिसत नाही. त्यासाठी गुडघाभर चिखलात उतरावेच लागते.

महाराष्ट्रात सागरी गवताची कुरणे तुरळक आहेत आणि देशातील मोठी कुरणे पाल्क उपसागर व मन्नारच्या आखातात असल्याने त्यांची सविस्तर चर्चा इथे करण्याचे कारण नाही. समुद्री शेवाळाच्या लागवडीविषयी मात्र एक इशारा देणे योग्य होईल. शेवाळ झपाट्याने वाढते आणि कार्बन शोषते हे खरे, पण ते कापून खत, खाद्य किंवा जेली बनवले की तो कार्बन वर्षभरात परत हवेत जातो. ते उपजीविकेचे उत्तम साधन आहे, कार्बनचा साठा नव्हे.

खोल समुद्रालाच कार्बन गिळायला लावण्याचे मार्ग याहून वादग्रस्त आहेत, आणि त्यांतील एका महत्त्वाच्या प्रयोगाचे धागे गोव्याशी जुळलेले आहेत. दक्षिण महासागराच्या विस्तीर्ण भागात सूक्ष्म वनस्पतींना वाढीसाठी बाकी सारे मिळते, कमी पडते ते लोह. तेव्हा लोह टाकले तर त्या वनस्पती फोफावतील, मेल्यावर तळाशी बुडतील आणि त्यांच्यासोबत कार्बनही जाईल, अशी ही कल्पना. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीचे आल्फ्रेड वेगेनर संस्थान यांनी २००९ च्या प्रारंभी ‘पोलारस्टर्न’ या जहाजावरून ‘लोहाफेक्स’ हा प्रयोग केला. वाजिह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटासेक हे त्याचे प्रमुख होते, आणि नावातला ‘लोहा’ आपल्याच भाषांतला आहे. जैवविविधता कराराच्या सदस्य देशांनी २००८ साली अशा प्रयोगांबाबत सावधगिरीचा ठराव केलेला असल्यामुळे पर्यावरण संघटनांनी तीव्र आक्षेप घेतला, जर्मन सरकारने काम काही काळ थांबवले आणि तपासणीनंतर पुढे जाऊ दिले.

सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या भोवऱ्यात लोह मिसळल्यावर सूक्ष्म वनस्पती वाढल्या, पण त्यांच्यावर लहान कवचधारी प्राण्यांनी ताव मारला, आणि खोल बुडालेला कार्बन अगदी अल्प निघाला. याचे कारण शास्त्रज्ञांनी असे दिले की त्या पाण्यात सिलिकेटचा तुटवडा असल्याने जाड कवचामुळे खाण्यापासून वाचणारे आणि जड होऊन बुडणारे डायटम या प्रकारचे सूक्ष्म शैवाल तिथे वाढूच शकले नाही. या प्रयोगाचे मोल त्याच्या नकारात्मक निष्कर्षातच आहे. ज्या काळी काही खाजगी कंपन्या लोह टाकून कार्बन क्रेडिट विकण्याच्या तयारीत होत्या, त्या काळी एका भारतीय सार्वजनिक संस्थेने प्रामाणिकपणे हे दाखवून दिले की समुद्राचे अन्नजाल कोणाच्या हिशेबाप्रमाणे चालत नाही. २०१३ साली समुद्रात कचरा टाकण्याविषयीच्या लंडन प्रोटोकॉलमध्ये अशा हस्तक्षेपांचे नियमन करणारी दुरुस्ती स्वीकारली गेली, तिच्यामागे अशाच अनुभवांचे बळ होते.

दुसरा मार्ग समुद्राची अल्कधर्मिता वाढवण्याचा आहे आणि तो पुन्हा मुळशीच्या दगडापाशी आणून सोडतो. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सौम्य आम्ल बनून काळ्या कातळाची, म्हणजे बसाल्टची, झीज करतो, त्यातून बायकार्बोनेट तयार होते, ते नदीबरोबर समुद्रात जाते आणि तिथे हजारो वर्षे राहते. दख्खनच्या पठारावर ही क्रिया कोट्यवधी वर्षे अखंड चालू आहे आणि नेऱ्याच्या ओढ्यातले पाणीही त्यात सहभागी आहे. ही गती वाढवण्यासाठी बसाल्टची बारीक भुकटी शेतात पसरण्याचे तंत्र सध्या आजमावले जात आहे, आणि भारतातील लहान शेतकऱ्यांबरोबर भातखाचरांत असे काम करणाऱ्या ‘माती कार्बन’ या उपक्रमाला एप्रिल २०२५ मध्ये कार्बन-निर्मूलनासाठीचे एक्सप्राइझ पारितोषिक मिळाले. ज्या जिल्ह्यात खडी क्रशरच्या भुकटीचे ढीग जागोजागी दिसतात तिथे ही शक्यता आकर्षक वाटणे साहजिक आहे, तरी दगड दळायला व वाहायला लागणारी ऊर्जा, भुकटीतील जड धातू आणि शेतातून निघालेले बायकार्बोनेट खरोखर समुद्रापर्यंत पोहोचले याचा पुरावा, या तिन्ही बाबी प्रत्येक ठिकाणी तपासल्याशिवाय तिचा पुरस्कार करता येणार नाही.

समुद्रतळाखालच्या खडकात वायू कोंडण्याचे तंत्र यापेक्षा अधिक सिद्ध झालेले आहे. नॉर्वेने १९९६ पासून स्लाइप्नर येथे नैसर्गिक वायूतून वेगळा केलेला कार्बन डायऑक्साइड, वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास, समुद्रतळाखालच्या सच्छिद्र वालुकाश्मात सोडला, आणि त्यामागची प्रेरणा होती १९९१ साली लावलेला कार्बन कर. भारतात नीती आयोगाने २०२२ साली या विषयाचा धोरण-आराखडा मांडला असून पवईच्या आयआयटीत राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र उभे राहिले आहे. मुंबई हायसारखी १९७४ साली सापडलेली आणि आता उताराला लागलेली तेलक्षेत्रे साठवणीसाठी तपासली जाणे क्रमप्राप्त आहे. हे धुरांड्यावरचे उपाय आहेत आणि त्यांची गरज आहेच, पण त्यांना ‘नील कार्बन’ या नावाखाली आणणे चुकीचे ठरेल, कारण त्यात ना जिवंत किनारा आहे ना त्यावर जगणारी माणसे.

राहता राहिला बाजार, आणि इथे गुंता सर्वाधिक आहे. एक टन कार्बन डायऑक्साइड शोषल्याचे वा न सोडल्याचे प्रमाणपत्र म्हणजे कार्बन क्रेडिट, आणि ते विकत घेऊन एखादी कंपनी आपल्या उत्सर्जनाची वजाबाकी दाखवते. केनियातील गाझी उपसागराच्या काठच्या गावांनी ‘मिकोको पामोजा’ हा ११७ हेक्टरांचा छोटा प्रकल्प उभारून त्याच्या उत्पन्नातून पाणी व शाळा यांवर खर्च केला, तर पाकिस्तानात सिंधूच्या मुखाशी साडेतीन लाख हेक्टरांवरचा प्रचंड प्रकल्प चालू आहे. भारताने २०२२ साली ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती करून २०२३ साली कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली, आणि मार्च २०२५ मध्ये ऐच्छिक सहभागासाठी ज्या आठ कार्यपद्धतींना मान्यता दिली त्यांत खारफुटीची लागवड व पुनर्लागवड ही एक आहे. पण अशा प्रत्येक बाजाराची पहिली अट ‘अतिरिक्तता’ ही असते: क्रेडिटचा पैसा नसता तर जे घडले नसते त्यालाच ते मिळते. महाराष्ट्रात खारफुटी तोडायला न्यायालयाचीच मनाई असल्याने तिचे रक्षण ‘अतिरिक्त’ ठरवणे फार कठीण आहे. म्हणजे पावणेदोनशे वर्षांची पुंजी जिथे आहे तिला बाजारात किंमत नाही आणि जिथे रोप नुकतेच लावले तिथे आहे. कायदा यशस्वी झाला म्हणून रक्षणकर्ते रिकाम्या हाताने राहतात.

ही पोकळी अनुदान आणि करारांनी भरून काढण्याचे काही प्रयत्न डोळ्यांसमोर आहेत. हरित हवामान निधीच्या ४ कोटी ३४ लाख डॉलरच्या साहाय्याने महाराष्ट्र, आंध्र प्रदेश व ओडिशा या तीन राज्यांत किनारी समाजांसाठीचा प्रकल्प २०१८ साली मंजूर झाला. कांदळवन कक्षाच्या प्रोत्साहनाने खेकडापालन, कालवे, शिंपले आणि शोभिवंत मासे यांचे व्यवसाय बचतगटांनी सुरू केले, आणि वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ या महिला बचतगटाने कांदळवन सफर चालवून दाखवली. पुण्यातील अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशनने ॲपल कंपनीच्या अर्थसाहाय्यातून रायगडमधील गावांशी संवर्धन करार केले असून गावाने खारफुटी राखावी आणि त्या बदल्यात गावाला पर्यायी उपजीविकेचा आधार मिळावा, असे त्यांचे स्वरूप आहे. क्रेडिटच्या भाषेपेक्षा कराराची ही भाषा कोकणातल्या माणसाला जवळची आहे, कारण तीत देणारा आणि घेणारा एकमेकांसमोर बसलेले असतात.

तरीही पेण, अलिबाग आणि उरणच्या खारेपाटातील प्रश्न या सर्व योजनांच्या पलीकडे शिल्लक राहतो. खारेपाट म्हणजे पिढ्यान् पिढ्या बांध घालून, उघाड्या बसवून समुद्रापासून मिळवलेली भातजमीन. गोव्यात अशाच जमिनीला खाजन म्हणतात आणि तिथे पाण्याच्या दारांना मानशी. पूर्वी बांधाची निगा गावकी राखत असे, पुढे १९४८ आणि १९७९ च्या खार जमीन कायद्यांनी ती जबाबदारी शासनाकडे आली, आणि उधाणाने बांधाला खांड पडली की वेळेवर दुरुस्ती न होण्याची तक्रार तेव्हापासून खारेपाटाच्या पाठीशी लागली. खारे पाणी शिरले की भात जाते, काही वर्षांत तिवरे उगवतात, आणि २००५ व २०१८ च्या आदेशांनंतर ती तिवरे तोडून पुन्हा शेती करण्याचा मार्ग बंद होतो. सातबारा शेतकऱ्याच्या नावावर, जमीन खारफुटीची, उत्पन्न कोणाचेच नाही, अशी ही स्थिती आहे. आणि कार्बनच्या दृष्टीने पाहिले तर राज्यातील सर्वांत मोठी नवी संधी नेमकी याच जमिनीवर आहे, कारण बांधाआड सुकलेल्या गाळातून होणारी कार्बनची गळती आणि गोड्या पाण्याच्या भातखाचरातून सुटणारे मिथेन या दोन्ही गोष्टी भरतीचे पाणी परत आल्यावर कमी होतात. ज्याची शेती बुडाली त्याच्याच शेतात उद्या क्रेडिट पिकणार आहे, आणि ते कोणाच्या खात्यावर जमा होईल हे अद्याप कोणत्याही कायद्यात स्पष्टपणे लिहिलेले नाही.

बांध दुरुस्त करून भात परत आणायचा की तिवरे राखून मोबदला घ्यायचा, हा निर्णय प्रत्येक गावाच्या ग्रामसभेचा असला पाहिजे, आणि दोन्ही पर्याय त्या सभेपुढे खरोखरच उपलब्ध असले पाहिजेत. त्यासाठी राज्य शासनाने महसूल, वन आणि खारभूमी या तिन्ही खात्यांच्या नोंदी एकत्र करून कोणत्या गट क्रमांकावर कधीपासून खारफुटी आहे याची यादी गावातच वाचून दाखवावी, हरकती ऐकाव्यात आणि खाजगी जमिनीवरील कार्बनचा हक्क सातबाऱ्यावरील खातेदाराचा आहे असे लेखी जाहीर करावे. हे सारे महाराष्ट्राच्या खाड्यांतून पहिले क्रेडिट नोंदवले जाण्याच्या आधी व्हायला हवे.